थंड राहिलेलं चाक: एका ओम्नीच्या मागच्या ब्रेकचं प्रकरण

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या दिवशी जिभाऊ बहिणीला आणायला कन्नडला गेला. जिभाऊ म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. गाव आमचं भडगाव तालुक्यातलं, गिरणाकाठचं. येताना कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबले, तेव्हा गाडीच्या मागून जळकट वास येत होता. जिभाऊने चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. मागच्या उजव्या चाकाची रिम इतकी तापली होती की हात टेकवेना. मागचं डावं मात्र जेमतेम कोमट. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगून टाकलं, "उजवं जाम आहे, खोलून ढिलं करून देतो." जिभाऊने नको म्हटलं. गाडीत बहीण होती, दोन भाचे होते, ऊन वर चढत होतं. त्याने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू गाडी घरी आणली आणि मला फोन केला.

मी आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला आहे, पोट मात्र शेतीवर. घरातल्या आणि भावकीतल्या गाड्या माझ्याकडे येतात. फोनवर ऐकलं तेव्हा माझंही मत तेच झालं: उजवं जाम. ते मत चुकीचं होतं. कसं चुकीचं होतं, ते कळायला दोन सकाळी गेल्या. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते त्यासाठीच, कारण याच चुकीपायी या गाडीला सहा महिन्यांत दोनदा नवे लायनर (ब्रेकमधले घासणारे पट्टे) बसले होते आणि ब्रेक होते तसेच राहिले होते.

गाडी आणि तिचा मागचा इतिहास

गाडी मारुती ओम्नी. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, ज्याच्या आत ब्रेक असतो. ओम्नी २०१९ मध्ये बनायची बंद झाली, पण आमच्या भागात ती अजून खूप आहे. जिभाऊची गाडी कापूस वेचणीला बाया नेते, चाऱ्याच्या पेंढ्या आणते, लग्नाच्या दिवसांत वऱ्हाडही वाहते. शेतातून काळ्या मातीत चालते, आणि पावसाळ्यात काळी माती म्हणजे काय हे खानदेशात सांगावं लागत नाही. गेल्या श्रावणात ती नाल्याच्या वाटेवर हौसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या एक्सलच्या लोखंडी कवचापर्यंत, गाऱ्यात (चिखलात) रुतली होती. ट्रॅक्टरने ओढून काढली, वरवर धुतली आणि विषय संपला.

दिवाळीच्या सुमारास जिभाऊला ब्रेक मऊ वाटू लागले. हँडब्रेक चढावर गाडी धरेना. एका गॅरेजवर मागचे दोन्हीकडचे लायनर बदलले. महिनाभर बरं चाललं. संक्रांतीनंतर पुन्हा तेच. पुन्हा लायनर बदलले, या वेळी फक्त डाव्या बाजूचे, कारण ते "ओले झाले" होते. सोबत हँडब्रेकची केबल ताणून दिली. ओलं कशाने झालं, हे कोणी विचारलं नाही. त्या एका प्रश्नाने सगळं प्रकरण संक्रांतीलाच मिटलं असतं.

पहिली सकाळ: काही न खोलता

आखाजीचा दिवस सोडला. त्या दिवशी घागर भरायची, आंगणात झोके, मांडे. गाडीखाली शिरायचा दिवस नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरुवात केली. आमच्याकडे त्या दिवसांत दहानंतर पाना हातात धरवत नाही.

गाडी निंबाखाली उभी केली. मागचे ड्रम काढायचे तर हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगडांची ओट लावली. जॅकखाली जाड फळी घातली. आंगणातली जमीन वरून टणक दिसते, पण भार आला की जॅक खाली खचतो. जॅकने उचललं की हौसिंगखाली घोड्या (लोखंडी टेकू) लावायच्या आणि भार घोड्यांवर सोडायचा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. हे मी प्रत्येक वेळी सांगतो, आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी ते जास्तीचं वाटतं.

दोन्ही मागची चाकं अधांतरी, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. उजवं चाक हाताने फिरवलं. मोकळं फिरलं. जाम चाक थंड झाल्यावरही कुठेतरी अडतं, घासतं. हे तसं काही करत नव्हतं. मग पुतण्याला आत बसवून पायाचा ब्रेक दाबून धरायला सांगितला. उजवं चाक दोन माणसांना हलेना. डावं चाक मी एकट्याने, दोन्ही हातांनी जोर लावून फिरवलं. ते फिरलं.

इथे माझं मत पालटलं. घाटात उजवं चाक तापलं होतं, कारण मागच्या बाजूचं सगळं काम ते एकटं करत होतं. ड्रम आणि लायनर घासले की उष्णता निघायचीच; ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणं. डावं चाक थंड राहिलं, कारण ते काम करतच नव्हतं. आजार थंड चाकात होता, आणि सगळे जण गरम चाकाकडे बोट दाखवत होते. पंक्चरवाल्याने उजवं ढिलं करून दिलं असतं, तर मागे एकही ब्रेक उरला नसता.

खाली वाकून हँडब्रेकची केबल पाहिली. तिचा नट आट्याच्या शेवटापर्यंत आवळलेला होता. ड्रमच्या आत काही बिघडलं असताना केबल ताणून वेळ मारून नेली, याची ती खूण. केबल हे ॲडजस्टमेंटचं शेवटचं टोक आहे. आधी आतले शू (लायनर ज्यांवर बसतात ते कमानदार तुकडे) नीट करायचे, मग केबल.

आणखी एक खूण कोणी पाहिली नव्हती. ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी. जिभाऊ म्हणाला, दिवाळीपासून थेंबभरही टाकलं नाही, आणि पातळी होती तिथेच होती. डाव्या चाकात ब्रेक ऑइल गळत असतं, तर सहा महिन्यांत डबा रिकामा झाला असता.

ड्रम उघडला

डावा ड्रम सहज येईना. आत कडेला झिजेचा काठ तयार झालेला असतो आणि शू त्याला अडकतात. शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा ॲडजस्टर ढिला केला, लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी ठोकलं. या ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं आहेत. त्यात दोन बोल्ट घालून एकेक फेरा आळीपाळीने आवळला, तेव्हा ड्रम सुटला. एकच बोल्ट आवळत राहिलं तर ड्रम तिरका होऊन अडकतो, कधी चिरतोही.

आत सगळं काळं, चिकट. लायनरवर तेलाचा थर, ड्रमच्या आतल्या बाजूला तेल आणि झिजेची भुकटी मिळून झालेला लेप. शेजारचे आबा येऊन वाकून पाहत होते. त्यांनीच विचारलं, "हाई तेल कसानं से?" हे तेल कशाचं आहे? गॅरेजवर विचारायला हवा होता तो प्रश्न त्यांनी विचारला.

मागच्या चाकाच्या ड्रममध्ये दोन ठिकाणांहून ओल येऊ शकते. एक, वर बसलेला, ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा व्हील सिलेंडर; त्यातून ब्रेक ऑइल. दोन, जिथे हौसिंगमधून एक्सल (चाक फिरवणारा दांडा) बाहेर येतो तिथलं ऑइल सील; त्यातून हौसिंगचं गिअर ऑइल, नव्वद नंबरचं. पुढून ओढणाऱ्या गाडीत मागे हौसिंगच नसतं, त्यामुळे तिथे हा दुसरा रस्ता नाही. ओम्नी, बोलेरो, पिकअप, जीप अशा मागून ओढणाऱ्या गाड्यांत तो असतो.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या जुन्या बरणीत पाणी घेतलं, काडीने दोन थेंब टाकले. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते पाण्यात विरघळून जातं. हे थेंब वर तरंगत राहिले. नाकाजवळ नेलं तर गंधकाचा तो उग्र वास, गिअर ऑइलचा. बोटांत घासलं तर दाट. व्हील सिलेंडरच्या टोकाची रबरी टोपी हलकेच उचलून आत पाहिलं: कोरडं. म्हणजे एक्सलचं सील.

सील का गेलं

इथेच थांबता आलं असतं. सील बदला, लायनर बदला, मोकळे व्हा. पण सील कशाने गेलं ते पाहिलं नाही, तर नवंही तसंच जाऊ शकतं. इथे डाव्या बाजूने ढोसून तेल येत होतं.

हौसिंगच्या वर एक छोटं ब्रीदर असतं, टोपीसारखं. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, फुगते. ती हवा ब्रीदरमधून बाहेर जाते. गाडी थंड झाली की हवा परत आत येते. ब्रीदर बुजलं तर फुगलेल्या हवेला दुसरी वाट हवी असते, आणि सगळ्यात कच्ची जागा म्हणजे सीलचा रबरी ओठ (आतली कडा). तिथून ती हवा तेल घेऊन बाहेर पडते.

ब्रीदर कुठे आहे तेच दिसेना. श्रावणातला गारा हौसिंगवर बसून उन्हाळ्यात विटेसारखा भाजून निघाला होता. पेचकसाने खरवडून काढला तेव्हा टोपी सापडली, ती चिकटून बसलेली. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी गावाबाहेर हळू एक फेरी मारून आणली आणि ब्रीदर साफ करण्याआधी हौसिंगचा तेल भरण्याचा बोल्ट ढिला केला. फुस्स करून हवा सुटली. जिभाऊ मागे सरकला. तेवढा दाब रोज त्या सीलवर येत होता.

यात गाडीच्या बनावटीचा काही दोष नाही. ब्रीदरचं तोंड साफ राहील असं ती धरून चालते; काळ्या मातीत ते ठेवणं आपल्याकडे असतं.

काय घरी केलं, काय नाही

एक्सल बाहेर ओढून सील काढणं मी स्वतः केलं नाही. ते काम भडगावच्या एका मिस्त्रीला आंगणात बोलावून करून घेतलं. एक्सल ओढायचा ठोकळा त्याच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता. आणि बेअरिंग ठोकाठोकीत दुखावलं तर गळती थांबून आवाज सुरू होतो. नवं सील बसवताना त्याच्या ओठावर थोडं तेल लावून, सरळ, सगळीकडून सारखं ठोकून बसवलं. सीलची किंमत लायनरच्या मानाने किती कमी आहे, हे पाहून जिभाऊ बराच वेळ गप्प होता.

बाकी सगळं घरी.

लायनर दोन्ही बाजूंचे नवे घेतले. डावे तेल प्यायलेले होते. असे लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवायची पद्धत आहे. वरून स्वच्छ दिसतात, पण लायनर सच्छिद्र असतो, आत मुरलेलं तेल पहिल्याच घाटात उष्णतेने परत वर येतं. उजवे अजून जाडीला होते, पण एकीकडे जुने आणि दुसरीकडे नवे असले की दोन्ही चाकं सारखी धरत नाहीत. ओल्या डांबरावर जोरात ब्रेक मारला तर मागची बाजू एका अंगाला फिरते.

आतली भुकटी फुंकरून किंवा हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि नसला तरी ती धूळ छातीत जायची वस्तू नव्हे. साबणाचं पाणी ओतून, ओलं करून, फडक्याने पुसून काढली. ड्रम आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसले, फडकं पांढरं निघेपर्यंत.

पुतण्या डिझेलची बाटली घेऊन आला होता, सगळं धुवायला. ब्रीदर आणि हौसिंगला खुशाल वापर म्हटलं. पण व्हील सिलेंडर, त्याचे वायसर, टोप्या, होज यांना डिझेल, पेट्रोल, रॉकेल, ग्रीस काही म्हणजे काही लागू द्यायचं नाही. ब्रेकचं रबर ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनवलेलं असतं. खनिज तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, पिस्टन अडकतो, आणि मग चाक खरोखर जाम होतं. या गाडीत डाव्या सिलेंडरच्या टोप्या सहा महिने गिअर ऑइलमध्ये भिजल्या होत्या आणि बोटाला फुगलेल्या लागत होत्या. सिलेंडर गळत नव्हता, तरी त्याची किट (आतलं रबरी सामान) बदलली. आतला पृष्ठभाग ताज्या ब्रेक ऑइलने धुतला, नख फिरवून पाहिलं, चरे नव्हते. चरे असते तर पूर्ण सिलेंडरच बदलावा लागला असता.

एका वेळी एकच बाजू उघडली. स्प्रिंगा कुठल्या भोकात, कोणती लांब, कोणती आखूड, हँडब्रेकचा हात कोणत्या शूवर, हे फोटोत दिसतं तसं हाताला कळत नाही. दुसरी बाजू जोडलेली असली की शंका आली तर जाऊन पाहायचं, फक्त आरशातल्यासारखं उलटं धरायचं. बॅकप्लेटवर (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावर) ज्या सहा ठिकाणी शू टेकून सरकतो तिथे उष्णता सहन करणारं ग्रीस, अगदी बोटाच्या टोकाएवढं. जास्त लावलं तर तेच उडून लायनरवर जाणार. ॲडजस्टरचे दाते धुळीने भरले होते. तारेच्या ब्रशने मोकळे केले.

दोन्ही ड्रम लेथवर नेले. उजव्यावर निळसर, कडक डाग पडले होते, जास्त तापल्याची खूण. ड्रम किती मोठा होऊ द्यायचा तो कमाल व्यास ड्रमवरच ओतीव अंकांत असतो. गंजाखाली दडलेला, ब्रश मारला की वाचता येतो. लेथवाल्याला तो दाखवून आधी व्हर्नियरने मोजायला लावलं, मगच हात मारायला सांगितला. दोन्ही हद्दीत राहिले. राहिले नसते तर नवे घ्यावे लागले असते. डाग राहिलेला किंवा हद्दीबाहेर गेलेला ड्रम मी परत बसवत नाही.

हवा काढणं आणि ताळा

पाइप उघडला होता, म्हणून हवा काढणं आलं. डब्यातलं जुनं ऑइल काळ्या चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलं की १४० पर्यंत उतरू शकतो. लांब घाटात एकच चाक राबत असताना ते ऑइल उकळलं असतं, तर पाइपमध्ये वाफ झाली असती. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही; पाय खालीपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही. त्या दिवशी गाडीत दोन भाचे होते, आणि हे लिहितानाही मला ते आठवतं.

म्हणून सगळं ऑइल बदललं. सीलबंद नवा डबा आणला, कपाटात अर्धा उघडा पडलेला नाही. मास्टर सिलेंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) सगळ्यात लांब मागचं डावं चाक, तिथून सुरुवात. मग मागचं उजवं, मग पुढची. निपलला (हवा काढायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी, तिचं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. पुतण्या आत, मी खाली. "दाब. धरून ठेव." निपल सोडला, बुडबुडे आले, निपल बंद केला. "सोड." निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत जाते, म्हणून माझ्या तोंडून शब्द आल्याशिवाय पाय हलवायचा नाही असं ठरलेलं. डब्यातली पातळी जिभाऊ पाहत होता. ती खाली गेली तर सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर सांडलं तर रंग उडवतं, लगेच पाण्याने धुवायचं.

शू असे बसवले की ड्रम फिरवताना किंचित घासतो, अडत नाही. त्यानंतर केबल: आधी पूर्ण ढिली करून मग आवळली. हँडब्रेक सहाव्या टकटकीला धरू लागला. हौसिंगमध्ये नव्वदचं ऑइल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत, त्याहून वर नाही. चाकाचे नट जमिनीवर टेकवून समोरासमोरच्या जोडीने आवळले.

रस्त्यावर आधी नेलीच नाही. इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरलं, अर्धा मिनिट. खाली सरकलं नाही. आंगणात पहिल्या गिअरमध्ये चालवून थांबवली. मग गिरणेच्या पुलाच्या चढावर नुसत्या हँडब्रेकवर उभी केली, चाकामागे दगड घेऊन पुतण्या तयार उभा. गाडी तसूभर सरकली नाही. पुढे आठवडाभर जिभाऊला सांगितलं, नवे लायनर ड्रमशी बसेपर्यंत लांबून हलका ब्रेक, घाट नाही, जादा भार नाही.

आखाजीनंतर पंधरा दिवसांनी बहिणीला सोडायला तो कन्नडला गेला. जाताना ज्या गिअरमध्ये घाट चढला, येताना त्याच गिअरमध्ये उतरला. त्याच टपरीवर थांबून त्याने फोन केला. मागच्या दोन्ही रिमांना हात लावून पाहिला होता. दोन्ही गरम होत्या, आणि सारख्याच गरम होत्या.

भाद्रपदात, पोळा झाल्यावर, डावा ड्रम मी पुन्हा एकदा उघडून पाहिला. आत कोरडी करडी धूळ होती. ब्रीदरवर मात्र पुन्हा बोटभर गारा बसला होता. तो खरवडला, आणि आता दर पावसाळ्यात दोनदा तो खरवडायचं काम पुतण्याकडे दिलं आहे.